काडीच्या पुढची पानं

अहो,

सगळ्या नातेवाइकांना तुम्ही पत्रं लिहिलीत, मला एकही नाही. लिहून काय करणार होतात? मला वाचता कुठं येत होतं! मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मी अक्षरं शिकले, तोवर पत्रांचे दिवस सरले होते. म्हणून आपल्या दोघांतलं पहिलं पत्र मीच लिहितेय, तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी. काल जे झालं ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

आपल्या वस्तीतल्या वाचनालयानं काल नवीन काम सुरू केलं. ज्या म्हाताऱ्या माणसांची नजर गेली, त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा पुस्तक घेऊन जायचं आणि तासभर वाचून दाखवायचं. तुमच्या वेळी हे का नव्हतं हो? खापरखेड्याच्या वीज प्लांटमध्ये उभी हयात काढलीत, रिटायर झाल्यावर पोटभर वाचीन म्हणालात, आणि काचबिंदूनं दोन वर्षांत सगळा अंधार केला. मग उरले मी, अडखळत वाचणारी.

तिथल्या ग्रंथपाल मेश्राम मॅडम महिनाभर मागे लागल्या होत्या, "काकू, तुम्ही वाचायला या." मी नाहीच म्हणत होते. थकले आहे मी. आणि खरं कारण त्यांना कसं सांगू?

तुम्हाला तरी सांगते. ती दोन भावांची आणि एका विहिरीची कादंबरी आठवते? तुमचं शेवटचं पुस्तक. त्या दुपारी तुमची अंघोळ, औषधं, धुणं करून माझी कंबर भरून आली होती. डोळे मिटत होते. मी पानात आगपेटीची काडी घातली आणि मनानंच सांगून टाकलं, "भाऊ भेटले, विहीर दोघांची झाली. संपलं."

आठवड्यात तुम्ही गेलात. खोटा शेवट ऐकून गेलात. ते पुस्तक मी पुन्हा उघडलं नाही, परतही केलं नाही.

काल परत करायला म्हणूनच वाचनालयात नेलं, तर नव्या कामाच्या सुरुवातीला जमलेल्या लोकांपुढे मॅडमनी मलाच बसवलं. "आणलंच आहे तर यातलंच वाचा!" सुरुवातीची चार पानं वाचली. समोर ढोके गुरुजी बसले होते. कळमेश्वरच्या शाळेत शिकवायचे, आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. म्हणाले, "द्या जरा हातात." अंगठ्यानं पानांची कड चाचपली आणि काडीपाशी थांबले.

"बाई, इथवर येऊन काहून सोडलं कोणी? अर्धं बोटच तर राहिलं होतं!"

"तुम्हाला कसं समजलं?"

"आता घ्या! डोळे गेले, अंगठा थोडी गेला? किती बाकी आहे ते आम्ही आंधळे रोज मोजतो."

सगळे हसले. मला मात्र तुमचा अंगठा आठवला.

तुम्हीही रोज वाचन झालं की पुस्तक मागायचात ना! "बोटभर राहिलं वं, शकुन." त्या दिवशीही सवयीनं मी ते तुमच्या हातात दिलं होतं. केवढा वेळ धरून बसलात. मग म्हणालात, "बरं केलं. पड आता जराशी."

कळलं होतं तुम्हाला! मग रागावला का नाहीत? भाजी अळणी झाली तर घर डोक्यावर घेणारे तुम्ही! एकदा म्हणायचं होतं, "खोटं बोलून राहिली वं तू मले." मी उठून वाचलं असतं हो. तीन वर्षं हे ओझं घेऊन फिरले नसते.

मॅडमना हो म्हटलंय. गुरुवारी गुरुजींकडे जायचं आहे, हेच पुस्तक घेऊन. पण त्याआधी उद्या दुपारी तुमच्या खाटेपाशी बसेन आणि काडीच्या पुढची पानं मोठ्यानं वाचीन. भाऊ भेटोत नाहीतर न भेटोत, लिहिलंय तेच वाचीन. थकले तर थकले म्हणून सांगेन. झालं की पुस्तक खाटेवर ठेवीन. अंगठा लावून बघा, काही राहिलं का.

तुमची,
शकुन