काड्यांच्या घरातला प्राणी

१ ऑक्टोबर १९६१, रविवार. पांढरकवडा.
आज ‘क्षुद्रजीव निरीक्षण मंडळ’ स्थापन. अध्यक्ष मी, वासुदेव पांढरीपांडे. सभासद दोन: ड्रॉइंगमास्तर मारोतराव आणि कापडवाले बाबुलाल. वाघ काय, कोणीही पाहतो. एवढा मोठा, दिसणारच! किडा दिसायला नजर लागते. कचेरीत सगळे हसले. हसोत. वर्षाच्या आत माझ्या नावाचा किडा असेल.

८ ऑक्टोबर
झरीच्या जंगलात पहिली सहल. शेणकिडा गोळी ढकलत चढ चढत होता. तिघेही ओणवे होऊन पाऊण तास बघत बसलो. तो वर पोचला तेव्हा बाबुलालांनी टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (हे पान कौसल्येच्या हाती लागू नये.) तेवढ्यात मागून वाघ गेला म्हणे. गुराख्याने नंतर सांगितले. आधी सांगितले असते तरी मी मान वळवली नसती. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१५ ऑक्टोबर, दुपारी ३
सापडला! बाभळीला काड्यांची बोटभर मोळी लटकत होती, आणि ती चालायला लागली! आत अळी. घर अंगावर घेऊन हिंडते. कुठल्याच पुस्तकात नाही. (माझ्याकडे पुस्तक एकच, तेही पक्ष्यांचे.) नाव: पांढरीपांडे-कीटक. वाटेत मोळीवाली रामीबाई भेटली. मारोतराव म्हणाले, हिला विचारू. मी साफ नकार दिला. अध्यक्ष मोळीवालीला विचारत नसतो.

२२ ऑक्टोबर
उद्या नमुना मुंबईच्या तज्ज्ञांकडे जायचा होता. गारठा बाधू नये म्हणून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला होता. पत्रावर सह्या करायला सभासद आले. चहा झाला. बाबुलाल म्हणाले, वहिनी, आज चहा फक्कड. नमुना आणायला उठलो तर कोनाडा रिकामा. कौसल्या म्हणते, चार काड्या होत्या, चुलीत सारल्या.
कौसल्येशी बोलणे कायमचे बंद.

२३ ऑक्टोबर
भाजीत मीठ कमी होते, म्हणून बोलावे लागले. निश्चय मात्र कायम आहे. दुसरा नमुना शोधीन, नाहीतर नावाचा पांढरीपांडे नाही.

२९ ऑक्टोबर
तिघांनी तीन तास बाभळी धुंडाळल्या. एकही नाही. हात हलवत घरी आलो तर रामीबाई मोळी टाकायला आलेली. मारोतरावांनी माझ्यादेखत विचारले. ती त्यांना सरळ आमच्या परसातल्या बाभळीकडे घेऊन गेली. पन्नास तरी लटकत होते. मी रोज तिथेच दात घासतो.
रामीबाई म्हणे, यानं मागल्या जन्मी लाकडं चोरली, म्हून आता मोळी वाहून राह्यला. लहान लेकराले बी माहीत हाय. साहेबाले काहून दिसला नाही?
मंडळाची तातडीची सभा तिथेच झाली. रामीबाई नवीन अध्यक्ष, दोन विरुद्ध एक मताने. ती म्हणे, येईन, पन मोळी इकल्यावर. किड्यांचा डबा धरायचे काम माझ्याकडे आले. मी ठणकावून सांगितले, धरीन, पण मान ताठ ठेवून.
ती म्हणे, मान ताठ ठेवली म्हूनच तं दिसले नाही, साहेब.