शेवटच्या बाकावरचं अर्थशास्त्र

३ ऑगस्ट
मुलगी पहिल्या बाकावर, मी शेवटच्या! लग्नाच्या वेळी सुटलेलं कॉलेज पुन्हा धरलं, ते नेमकं तिच्याच वर्गात. घरून निघतानाच तिची अट — "आई, वर्गात ओळख दाखवायची नाही हं." बरं बाई.

५ ऑगस्ट
आज तटस्थता वक्र. चहा जास्त नि पुस्तकं कमी, किंवा उलट — समाधान सारखंच देणाऱ्या सगळ्या जोड्या एका रेषेवर. जास्त समाधानाची रेषा तिच्या वर. सर एकामागे एक काढत गेले आणि मला फळ्यावर लांबच्या टेकड्याच दिसायला लागल्या. तिथेच भटकत राहिले. तास कधी संपला, पत्ता नाही.

११ ऑगस्ट
फजिती! सरांनी फळ्याशी बोलावलं. मी दोन वक्र काढले आणि एकमेकांत गुंतवून टाकले. इतक्या जवळ येऊन भेटायचंच नाही म्हणजे काय?
"अहो ताई, छेदले तर एकच जोडी कमीही आवडते आणि जास्तही. असं होतं का कधी?"
"रोज होतं, सर."
वर्ग खो खो हसला. लेकीची मान खाली.
घरी आल्यावर — "तू बोलतेसच कशाला? तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मला!" लागलं. फार लागलं. तिच्या शेजारी बसून शिकावं, एवढीच तर हौस होती.

२ सप्टेंबर
अबोला चालूच.
सर म्हणाले, उद्या मिळणाऱ्या गोष्टीचं आजचं मोल कमी धरायचं. मी खिडकीबाहेर बघत बसले. आणि इतकी वर्षं वाट बघून मिळालेल्या गोष्टीचं? विचारलं नाही.

२० ऑक्टोबर
पेपर झाला. हा सुटला तरच पुढच्या वर्षाला जाता येईल. एकही व्याख्या नाही! "वक्र का छेदत नाहीत, स्वतःच्या शब्दांत सांगा." हसत हसत लिहीत सुटले. तिला पुस्तक तोंडपाठ, ती तर पहिलीच येणार.

९ नोव्हेंबर
निकाल. मी पास. ती राहिली.
दार लावून बसली होती. मी बाहेर उभी — आनंद कुठे लपवू कळेना. आतूनच म्हणाली, "आई, फेरपरीक्षा देऊन येतेच मी. तोवर तुझ्या शेजारची जागा धरून ठेव."