शाळा दोन तास उशिरा

नॉर्डबी, नॉर्थ डकोटा
७ जानेवारी १९९४

ती. बाबांस,
लव्हॉनचा सा. न. वि. वि.

तुम्ही ॲरिझोनाला सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. त्यावरचा निवडुंग ड्वेनने गोठ्यात चिकटवलाय. म्हणतो, सासरे कुठे मजा मारतायत ते गाईंनाही कळू दे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की तुम्हाला वाटतं मी रागावले, म्हणून पत्रच बरं.

इथे आठवडाभर पारा उणे पंचविसाच्या वर चढलेला नाही. बास्केटबॉलचा सामना रद्द झाला, मुलांचा गाण्याचा कार्यक्रम दुसऱ्यांदा रद्द झाला, आणि त्यावरून गाव असं पेटलंय की निदान त्याची तरी ऊब यायला हवी होती. मंगळवारी शाळेच्या जेवणघरात पालकांची सभा झाली. मी ठराव मांडला की वाऱ्यासकट थंडी उणे पन्नासच्या खाली गेली की शाळा आपोआप दोन तास उशिरा भरेल आणि त्या दिवशी शाळेनंतरचं सगळं बंद. बसचं डिझेल गोठतं, मोठी मुलं केस बिघडतात म्हणून टोपी घालत नाहीत, हे सगळं सांगितलं.

मग आपली धाकटी रोंडा उठली. ती म्हणाली, दोन तास उशीर म्हणजे तुम्हा घरी असणाऱ्यांना कॉफीचा आणखी एक कप, आणि माझी आठ वर्षांची किर्स्टन आणखी दोन तास घरात एकटी. म्हाताऱ्यांच्या आश्रमातली तिची पाळी सहाला सुरू होते, म्हातारे काही दोन तास उशिरा उठत नाहीत. शाळेत ऊब असते, न्याहारी असते. इथवर ठीक होतं. पण पुढे तिने असंही म्हटलं की लव्हॉनला थंडी स्वयंपाकघराच्या काचेतून दिसते तेवढीच माहीत. सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले की शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे, आणि ज्यांना संसार मोडायची घाई होती त्यांनी पोरीच्या सकाळचा विचार तेव्हाच करायचा होता. यावर कुणी हसलं नाही. ठराव पास झाला तेव्हा रोंडा निघून गेलेली होती.

फोनची साखळी मात्र आईने लावली होती तशीच ठेवलीय, रस्त्याच्या क्रमाने. शाळाप्रमुख स्टेनर्सन पहाटे गाडीतून रस्ते बघून येतात आणि पहिल्या घराला कळवतात, मग प्रत्येक घर पुढच्या घराला. कुणी उचलला नाही तर त्याच्या पुढच्याला लावायचा, म्हणजे निरोप अडत नाही. माझ्याखाली रोंडा आणि तिच्याखाली ब्रेके. नव्या यादीची प्रत सोबत पाठवतेय, तुम्हाला असल्या गोष्टींत रस असतो म्हणून.

तब्येतीला जपा आणि या भांडकुदळ लेकीवरची माया आटू देऊ नका.

तुमची,
लव्हॉन


मेसा, ॲरिझोना
१२ जानेवारी १९९४

चि. लव्हॉन हिला,
अ. उ. आ.

पत्र वाचून शेजारच्या ट्रेलरमधल्या मंडळींना तुमचं उणे पंचवीस सांगितलं. इथे काल पारा साठ फॅरनहाइटवर उतरला तर बायका स्वेटर घालून फिरत होत्या. मी लांब बाहीचा सदराही घालत नाही म्हणून त्या मला खुळा समजतात.

एकतीस हिवाळे मी सात नंबरची बस चालवली. तेवढ्या काळात शाळा थंडीसाठी अकराच वेळा बंद राहिली, हे मी तुम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की तुमची मुलंही माझ्या आधी आकडा सांगतात. पण आता लांब बसल्यावर खरं सांगतो. मागच्या बाकांवर हीटरची ऊब पोचायची नाही. लहान पोरं हातमोजे काढून बोटं तोंडात धरायची आणि मी आरशात बघून न बघितल्यासारखं करायचो. म्हणून तुझा ठराव मला काही वेडगळ वाटत नाही. रोंडाचंही चुकत नाही. दोघी बरोबर असूनही तुम्ही एकमेकींचं नाक कापलंत, हे तुमच्या आईच्या वळणाचं नाही, माझ्या वळणाचं आहे.

संसाराचं बोलायला नको होतंस. ओव्हनमध्ये एखादं हॉटडिश कर, ते भांडं तिच्या दारात ठेव आणि माफी माग. तू मोठी आहेस.

घरच्यांना आठवण सांग. म्हाताऱ्यावर राग धरू नकोस.

तुझा,
बाबा


नॉर्डबी
२० जानेवारी १९९४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाचा. किर्स्टन जिवंत आहे, ते आधी सांगते.

परवा मंगळवारी पहाटे पारा उणे बत्तीस होता आणि वारा सुटलेला. साडेसहाच्या सुमाराला नव्या नियमाप्रमाणे निरोप निघाला, शाळा दोन तास उशिरा. रोंडा सव्वापाचलाच कामावर गेली होती. किर्स्टनला काही कळलं नाही. ती नेहमीच्या वेळी निघाली, घरापासून रस्त्यापर्यंतचा तो लांब वाटेचा तुकडा चालून टपालपेटीपाशी बसची वाट बघत उभी राहिली. तासाहून जास्त उभी होती, बाबा. बर्फ काढणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर तिथून गेला, त्याला आधी वाटलं पेटीला कुणी लाल पोतं बांधलंय.

मोठ्या हॉस्पिटलात ठेवलंय. गाल आणि पाय वाचले. डाव्या हाताची तीन बोटं काळीनिळी आहेत. डॉक्टर म्हणतात की आत्ता काही सांगता येत नाही, किती जाईल आणि किती राहील ते बोटं स्वतःच काही आठवड्यांनी दाखवतील. तोवर थांबायचं.

साखळीत निरोप गेला होता, पण रोंडाकडे फोन उचलला गेला नाही असं दिसतं. गावात तेच बोलतायत. काउंटीच्या बालकल्याण खात्याची बाई चौकशीला येणार आहे म्हणे. पंधरा फेब्रुवारीला शाळेच्या सभेतही विषय आहे. मी हॉस्पिटलात गेले होते, रोंडा माझ्याशी बोलली नाही. मी कॉफी ठेवून परत आले.

तुम्ही एवढ्या लांबून धावत येऊ नका. प्रार्थनेत आम्हाला धरा.

तुमची,
लव्हॉन


नॉर्डबी
२४ जानेवारी १९९४

बाबा,
रोंडाचा नमस्कार.

किर्स्टन आता पेज पिते आणि नर्सला तुमच्या बसच्या गोष्टी सांगते. रात्रभर हात उशीवर उंच ठेवावा लागतो. दुखतं तेव्हा रडत नाही, माझ्याकडे टक लावून बघते. त्यापेक्षा रडली तर बरं.

काउंटीची बाई आली होती. चांगली होती बोलायला, तेच जास्त वाईट. तिने विचारलं, मूल किती वाजल्यापासून एकटं असतं, आठवड्यातून किती दिवस, तिला जेवण कोण देतं. मी खरं सांगितलं. मग विचारलं, फोन वाजला तेव्हा मूल घरात होतं की नव्हतं, कारण फोन उचलला नाही असं तिला सांगितलं गेलंय. मूल तेव्हाच बाहेर गेलेलं असेल, तर कुणाचं लक्ष नसलेलं घर अशी नोंद होणार. सभेत काय निघतं ते ऐकून पोरीला तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवायचं का ते ठरवतील. बाबा, त्या माझी पोर नेतील. मला दुसरं काही सुचत नाही.

किर्स्टन म्हणते फोन वाजलाच नाही. ती पावणेसातपर्यंत टेबलाशी बसून चित्र रंगवत होती. मी बाईंना सांगितलं की थंडीने तार बिघडली असेल. कुणाचंही नाव मी घेतलेलं नाही.

बस आली नाही तर घरात का परतली नाहीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आजोबा सांगतात की बस येतेच, आत जाणाऱ्याची चुकते. आणि बस चुकली तर आईला काम सोडून यावं लागतं. हे तुम्हाला सांगू की नको, दोन दिवस विचार केला. तुमचा यात काही दोष नाही.

आशीर्वाद असू द्या.

रोंडा


मेसा
२९ जानेवारी १९९४

चि. लव्हॉन हिला,
आशीर्वाद.

रोंडाचं पत्र आलं. तिने कुणाबद्दल वाकडा शब्द लिहिलेला नाही. म्हणून मला लिहावं लागतंय.

मागच्या शरदात मी सहा आठवडे तिच्याकडे राहिलो. फोनची घंटा मला ऐकू यायची नाही. पोर पळायला लागली की मी समजायचो की फोन वाजतोय. तोंडात दातांचा ब्रश असला तरी पळायची. त्या घरात फोन वाजला आणि ती टेबलाशी बसून राहिली, हे मी मानणार नाही.

यादी तूच मला पाठवली होतीस. ती माझ्यासमोर आहे. तुझ्याखाली रोंडाचं नाव आहे. तुझ्या पत्रात लिहिलंयस की रोंडाकडे फोन उचलला गेला नाही असं दिसतं. तू लावलास आणि कुणी उचलला नाही, असं लिहिलेलं नाहीस. तू लहानपणापासून खोटं लिहीत नाहीस, फक्त बाजूने जातेस.

आत जाणाऱ्याची बस चुकते, हे त्या पोरीला मी शिकवलं. वाऱ्यात ती उभी राहिली ती माझ्या शब्दावर. हे मला कुणी पुसून देणार नाही आणि मी तसं मागतही नाही. माझ्या वाट्याचं मी घेतलंय. तुझ्या वाट्याचं काय आहे ते तुला माहीत आहे, आणि पंधरा तारीख जवळ आली आहे.

रागावून लिहीत नाही. तू माझीच आहेस, काहीही केलंस तरी.

बाबा


नॉर्डबी
५ फेब्रुवारी १९९४

प्रिय रोंडा,
तुझ्याशी बोलायचं तोंड नाही, म्हणून लिहितेय. वाचून जाळलंस तरी चालेल, पण आधी वाच.

त्या सकाळी मी रिसीव्हर उचलला होता. तुझा नंबर मला पाठ आहे. पहिले तीन आकडे फिरवले. मनात आलं की तू कामावर गेली असशील. रेडिओवर ऐकलंच असशील. ही दोन्ही कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. खरं कारण असं की तू उचललास तर मला तुझ्याशी बोलावं लागलं असतं, आणि आधी मी का बोलू, असं मला वाटलं. पोर उचलेल, हे डोक्यातच आलं नाही. मी तुझा विचार करत होते, तिचा नाही.

मी ब्रेकेंना फोन लावला आणि सांगितलं की रोंडाकडे कुणी उचलत नाही. ते चार शब्द मी बोलले, रोंडा. आता ते गावभर झालेत आणि काउंटीच्या कागदावरही गेलेत. हॉस्पिटलात तुझ्यासमोर कॉफी घेऊन उभी होते तेव्हाही ते माझ्या तोंडात होते आणि मी गिळले. तू थंडीने तार बिघडली म्हणालीस असं कळलं. तुला कळलेलं होतं, नाही का? साखळीत तुझ्यावर कोण आहे ते तुझ्याही फ्रीजवर लावलेलं आहे.

ठराव चुकीचा होता असं मी अजूनही म्हणत नाही. ठरावाने तिला उभं केलं नाही, मी केलं. काउंटीच्या बाईंना मी उद्या पत्र टाकतेय. पंधराला सभेत सगळ्यांपुढे सांगेन. ड्वेनला काल सांगितलं. तो गोठ्यात गेला आणि जेवायला आला नाही.

क्षमा मागत नाही. ती मागायची तर आधी तिच्या बोटांचं काय होतं ते कळलं पाहिजे. माझ्यावर प्रेम कर असं लिहायची इतकी वर्षांची सवय आहे, पण आज ती ओळ लिहीत नाही.

लव्हॉन


नॉर्डबी
१६ फेब्रुवारी १९९४

लव्हॉन,

फोनवर बोलले तर मी ओरडेन, म्हणून हे पत्र.

काल मी मागच्या रांगेत होते. तू उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं की तू सुरुवात हवामानापासून करशील. नाही केलीस. सरळ सांगितलंस. ब्रेकेबाईंनी मान खाली घातली, स्टेनर्सन चष्मा पुसत बसले, आणि तुझा आवाज शेवटी बसला तरी तू खाली बसली नाहीस. काउंटीच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं. आज सकाळी त्यांचा फोन आला. किर्स्टन माझ्याकडेच राहील. फक्त सकाळच्या वेळेत कुणीतरी मोठं माणूस जबाबदार आहे, असं लेखी द्यायचं आहे.

डॉक्टरांनी काल दुपारीच सांगितलं. करंगळीचं टोक जाणार, पहिल्या पेरापर्यंत. बाकी दोन राहतील. शुक्रवारी कापतील. मी तिला सांगितलं. तिने विचारलं की ते टोक घरी आणता येईल का. मी नाही म्हणाले आणि मग बाथरूममध्ये जाऊन खूप रडले.

मी तुला माफ केलेलं नाही. कधी करेन ते मला माहीत नाही, आणि ईस्टरला आम्ही तुमच्याकडे येणार नाही. तो संसाराचा टोमणा मी विसरले असते. हे विसरता येणार नाही. तिचा हात रोज माझ्यासमोर असणार आहे.

पण तुझ्याएवढं जवळ कुणी राहत नाही, आणि आता तू विसरणार नाहीस हे मला पक्कं माहीत आहे. मोठं माणूस म्हणून कागदावर मी तुझं नाव लिहिलंय.

मंगळवारपासून मी पहाटेच्या पाळीला परत लागतेय. रेडिओवर पुन्हा उणे तीस सांगितलंय. मी सव्वापाचला निघते. साडेसहाला किर्स्टनला फोन कर, शाळा वेळेवर असो की उशिरा. तिला उजव्या हाताने उचलावा लागतो, वेळ लागेल. तोवर वाजू दे.

रोंडा