चिनूच्या लंगोटावरचा डाग

चामराजपेट, बंगलोर
गुरुवार, १४ जुलै १९९४, संध्याकाळ

चिनूच्या लंगोटावर आज पिवळा डाग. भगंदराचं ऑपरेशन होऊन पंधराच दिवस झालेत. पू परत आला म्हणजे दहा महिन्यांच्या पोराला पुन्हा कापायचं? धुवायला साबण लावला तर डाग लालभडक झाला. पू कसला, हळद ती!

डॉक्टरांनी बजावलं होतं, जखम आतून भरू द्या, कोमट पाण्यात बसवा, वर काही लावू नका. तिथेच सासूबाई म्हणाल्या, "चिमटीभर हळद?" आणि हे त्यांच्यावर केवढे खेकसले! मग आज गुपचूप कोणी लावली? दुसरं कोण असणार? मी दुपारी नळावर होते, त्या घरातच होत्या.

विचारलंच शेवटी. "देवाशपथ, मी स्वल्पसुद्धा लावली नाही," म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं. मला ते पाणीही खोटं वाटलं आणि मी नाही नाही ते बोलले.

मग यांना कॉफी दिली. पहिली पाळी करून तीनलाच घरी आले होते. कप घेतला त्या हाताची नखं पिवळी. स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकणारा माणूस! माझी नजर पाहून मान खाली घातली. "परत कापतील अशी भीती वाटते गं," एवढंच म्हणाले.

लंगोट तीनदा धुतला, डाग काही पुरता जात नाही. हळदीचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली सासूबाईंच्या हातात दिली.