किडनीची गोळी आतड्याला

धुळे, मंगळवार, संध्याकाळ

आज औषधाच्या दुकानात आमचं नेहमीचं गिऱ्हाईक नानांची चिठ्ठी वाचली आणि हात थांबला. आजार आतड्याच्या सुजेचा, गोळी मात्र किडनी बदललेल्या माणसाची. देऊ की नको? मी दहावी नापास, डॉक्टरांना विचारणारा कोण?

नानांना गोळी कशाची ते सांगितलं, तर ते अहिराणीत हसून म्हणाले, "मनी किडनी ते चांगली शे रे भाऊ!"

तरी चिठ्ठी घेऊन दवाखान्यात गेलोच. डॉक्टर म्हणाले, "गोळी बरोबर आहे. आता ती आतड्याच्या सुजेलाही देतात. पण रक्त तपासत राहावं लागतं, तेवढं लिहायचं राहिलं बघ." त्यांनी ते लिहिलं आणि कंपाउंडरला म्हणाले, "याच्यासारखं विचारत जा."

नानांना गोळ्या दिल्या, तपासणीचं दोनदा वाचून दाखवलं. डॉक्टरांनी कौतुक केलं, ते आईला अजून सांगितलं नाही. आधी इथे वहीत लिहिलं.