विरळणी

३ मार्च
नोकरी लागली एकदाची, आणि रोपवाटिकेच्या आवारातच राहायला खोलीही मिळाली. दोन खिडक्या आहेत, त्यातली एक उघडते. माझी सहा वर्षांची लेक बारकी, नावाप्रमाणेच काडी आहे, पण आज उड्या मारत होती. हरितगृहाच्या मधोमध एक जुनं झाड आहे. इथलं सगळं बी त्याचंच, म्हणून त्याला थोरली म्हणतात.

५ मार्च
इथले जुने माळीकाका येत्या आठवड्यात निवृत्त होतायत. त्यांनी आज विरळणी शिकवली. एका खळग्यात दोन रोपं उगवली की धट्टंकट्टं ठेवायचं, कमजोर दोन बोटांत धरून उपटायचं. उपटलेली रोपं ते थोरलीच्या बुंध्याशी नेऊन ठेवतात. तिची पोरं तिच्याकडे, म्हणाले. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

११ मार्च
काका कालच निवृत्त झाले. आता एवढी रोपं बुंध्याशी कोण वाहणार? सरळ खताच्या खड्ड्यात टाकली. बारकी शेजारी बसून खोकत होती. थोरलीकडे बघून मी थट्टेत म्हटलं, आमचंही हे एक उपटायच्याच लायकीचं. बारकी हसली नाही. मागाहून मला फार वाईट वाटलं.

१६ मार्च
खोकला गेला! हवा मानवली म्हणायची. गालांवर रंग आलाय. दिवसभर थोरलीच्या बुंध्याशी खेळते. घरी मात्र घासही खात नाही.

२० मार्च
तिच्या तळपायांना पांढरे, ओलसर केस आलेत. डॉक्टरांनी कापले, मलम दिलं. दुपारपर्यंत पोरीने मान टाकली. घाबरून बुंध्याशी नेलं, तर उठून बसली.

२२ मार्च
काकांना फोन केला. खड्ड्याचं, थट्टेचं सगळं सांगितलं. काका म्हणाले, टाकलेलं पोर थोरलीला बघवत नाही. ती सांभाळते. परत देत नाही.

२३ मार्च
खड्डा उपसला. सगळी रोपं कुजलेली. तरी बुंध्याशी रचली. पाया पडले, थट्टा होती म्हणून सांगितलं —

२४ मार्च
बारकी घोट्यापर्यंत मातीत. ओढायला गेले. ती शांतपणे म्हणाली, मी आता धट्टीकट्टी झालेय, मला उपटू नकोस.
ओढवलं नाही. तुटली तर —

२५ मार्च
मीही पाय मातीत रोवून बसलेय. थोरलीची मुळं येतात, मला वळसा घालून बारकीकडे जातात. मी नकोय.
एका हाताने लिहितेय. दुसऱ्यात तिचा हात. अजून कोमट आहे —
आत्ता ती ‘आई’ म्हणाली. मी ओ दिली.
तिने बघितलंच नाही. तोंड थोरलीक