पाडव्यापर्यंत दहा हॉर्सपॉवर

१ मार्च २०२५, शनिवार. संध्याकाळी ७.

पार्सल आलं. एअर इनटेक. लाल शंकूसारखा फिल्टर, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, सोबत दोन स्टिकर. गाडीतला कंपनीचा काळा प्लास्टिकचा फिल्टर-डबा काढायचा आणि त्या जागी हा लावायचा. इंजिन मोकळा श्वास घेतं. बॉक्सवर स्पष्ट लिहिलंय, बारा हॉर्सपॉवरपर्यंत वाढ. ‘पर्यंत’ बारीक अक्षरात आहे. कंपनी नम्र असावी.

स्नेहलला दाखवला. ती म्हणाली, बाथरूमच्या शॉवरसारखा दिसतोय. बायको शाळेत फिजिक्स शिकवते, पण आठवी-नववीचं. गाडीचं फिजिक्स वेगळं.

तिचीही एक बातमी होती. १ एप्रिलपासून तिची बदली शाळेच्या उलव्याच्या ब्रँचला. पावणेसातला हजर. शाळेची व्हॅन कामोठ्यातून पाच-दहाला निघते आणि अर्धी नवी मुंबई गोळा करत जाते. म्हणून तिला गाडी हवी. लायसन्स चार वर्षांपासून आहे. मला न्हावा शेव्याला ऑफिसची एसी बस आहे, साडेनऊला आमच्या कोपऱ्यावरच थांबते.

मी शांतपणे समजावलं की बसमध्ये माणूस नुसता प्रवासी असतो. शिवाय आता गाडीत बारा हॉर्सपॉवर जास्त येणार, नवख्या हातात देणं रिस्की. काळजीपोटीच बोललो.

ती म्हणाली, "वाढले तर दाखवा. दहा जरी वाढले तरी मी गुपचूप व्हॅनने जाईन. नाही वाढले तर तो डबा परत लावायचा आणि चावी माझी."

मंजूर. मुदत गुढीपाडवा. पंच म्हणून बाबा.

२ मार्च, रविवार.

बाबांना पंच नेमण्यामागे विचार आहे. गोटीराम हे त्यांचं नाव पनवेल-उरणच्या बैलगाडी शर्यतींत सगळ्यांना माहीत. गळ्यात स्टॉपवॉच कायम. बिल्डिंगच्या खाली पार्किंगमध्ये त्यांचे दोन बैल राहतात, दोघांना एकेक पंखा. गाडी बाहेर रस्त्यावर उन्हात असते. असो. वडील ते वडील. निकाल देताना मुलाकडे बघणारच.

संकल्प: सगळं सायंटिफिक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. भावनेच्या भरात निष्कर्ष नाही. आणि रात्री भाकरी एकच, म्हणजे माझं वजन सारखं राहील.

रात्री तीन खाल्ल्या. बोंबील होते.

९ मार्च, रविवार. दुपारी ३.

सकाळी सहाला द्रोणागिरीच्या रिकाम्या रस्त्यावर ‘आधीचं’ रीडिंग घेतलं. जुन्या फिल्टरवर, शून्य ते ऐंशी, तीन वेळा. सरासरी १०.९ सेकंद. गाडी फार जड वाटत होती. जुना फिल्टर इंजिनाचा गळा किती आवळतो ते आज कळलं.

पाठ दुखतेय. काल बाबांच्या बैलांची सरकी पेंड आणायला वाशी मार्केटला गेलो होतो, हमालाच्या आधी मीच गोणीला हात घातला. तो हसला.

आज रीडिंग घेऊन परत येताना सयाजीच्या गॅरेजात इनटेक बसवून घेतला. सयाजी साताऱ्याचा, हात चांगला, दृष्टी मर्यादित. म्हणाला, "सायेब, ह्यो फिल्टर उघडाच हाय. इंजिनाची गरम हवाच वढनार की ह्यो." त्याला म्हटलं, तू नट आवळ.

आवाज मात्र फार सुंदर. कामोठ्याच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने मुद्दाम काच खाली करायला लावली आणि सांगितलं की पाइप निसटलाय वाटतं. त्याच्या बोलण्यात आदर होता.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

टेस्टचा विचार होता. हवेत रंग फार, फिल्टरला धोका. काल होळीवर पहाटेपर्यंत होतो त्याचा याच्याशी संबंध नाही.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९.

९.८!

तोच रस्ता, तीच वेळ, तीन रन. एक पूर्णांक एक दशांश सेकंदाचा फरक. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे घातले. वाढ ९.३ हॉर्सपॉवर. राउंड केलं की नऊ होतात, पण वरच्या बाजूला राउंड केलं की दहा.

नाश्त्याच्या वेळी जाहीर केलं. बाबांनी घावन खाता खाता मान हलवली. स्नेहलने एवढंच विचारलं, दोन्ही वेळा बाकी सगळं सारखं होतं ना? मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

मग तिने व्हॅनवाल्याला फोन करून सीट सांगितली. चार-दहाचा अलार्म लावला, वाजवून बघितला, बंद केला. भांडली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण सायन्सपुढे कोणाचं काय चालणार.

१७ मार्च, सोमवार.

सकाळी चहाला बाबा चिडलेले. म्हणाले, "आर हरेश, पेंडीच्या दोन गोनी दोन दिस गारीच्या डिकीतच? गेल्या सोमवारी मी उतरवल्या. बैलानी काय डिकीत तोंड घालाचा?"

गेल्या सोमवारी. म्हणजे दहा तारखेला. म्हणजे नऊ तारखेच्या रीडिंगला पन्नास-पन्नास किलोच्या दोन गोण्या गाडीत होत्या. मी मनातल्या मनात हिशोब करून गप्प राहायचं ठरवत होतो, तेवढ्यात बघितलं तर स्नेहल पेपरच्या कडेला पेन चालवत होती. गाडी, मी, गोण्या. एवढं वजन काढलं की वेळ किती कमी होणार. दोन मिनिटांत उत्तर काढलं. वाढ जवळजवळ शून्य.

"दहा हॉर्सपॉवर पेंडीत होते," ती म्हणाली आणि बाबा मोठ्याने हसले. पंचाने असं हसणं नियमात बसत नाही.

मी मोठ्या मनाने ते रीडिंग मागे घेतलं. पाडव्याला अजून तेरा दिवस आहेत. आता मशीनच बोलेल.

२२ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.

रबाळ्याला एका वर्कशॉपमध्ये डायनो आहे. गाडी रोलरवर बांधतात, जागच्या जागी पळवतात, चाकांपाशी किती ताकद येते त्याची प्रिंट मिळते. सयाजीला सोबत नेलं, डबा बदलायला. एकटाच कामाला गेलो असं घरी सांगितलंय. इनटेकवर ७०.२. जुन्या डब्यावर ७१.४.

यावर बरंच बोलता येईल. मार्च महिना. रबाळ्याची हवा. ऑपरेटरचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. रोलर जुने असावेत. सयाजी तोंडातला तंबाखू सांभाळत म्हणाला, "गरम हवा, सायेब." त्याला दुसरं काही येत नाही.

इनटेक पुन्हा लावून घेतला. प्रिंट ग्लव्ह बॉक्समध्ये, गाडीच्या मॅन्युअलच्या आत ठेवली. हे लपवणं नव्हे. अर्धवट माहिती घरच्यांपर्यंत गेली की गैरसमज होतात.

२३ मार्च, रविवार.

नवा विचार. गाडी हलकी केली की इनटेकचा खरा गुण दिसतो. स्पेअर व्हील काढलं, जॅक काढला, मॅट काढल्या. मागची सीट काढली, मागे कोण बसतं. एसी बंद, काचा वर. घामानेही वजन उतरतं. ९.४ आले!

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची" हा संकल्प मी मोडलेला नाही. मी एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे वजन.

दुपारी घरी. मागची सीट पार्किंगमध्ये टेकवून ठेवली होती, एका बैलाने तिचा कोपरा फोमसकट खाल्ला. आई म्हणाली, बैलाच्या पोटाला काही झालं तर तुझे बाबा तुला घरात घेणार नाहीत. संध्याकाळपर्यंत तीन शेजारी बैलाची चौकशी करून गेले. सीटची कोणी केली नाही.

२९ मार्च, शनिवार.

स्नेहल पीयूसीचा कागद शोधत होती. ग्लव्ह बॉक्स. मॅन्युअल. प्रिंट.

मी सोसायटीच्या गेटवरून बघत होतो. तिने वाचली, तारीख बघितली, होती तशी घडी घालून परत ठेवली. मी उत्तरं तयार करून जवळ गेलो. तिने काही विचारलंच नाही. म्हणाली, "उद्या पाडवा. शेवटची टेस्ट सगळ्यांसमोर. तुम्ही, मी आणि बाबा, तिघंही प्रत्येक वेळी गाडीत. सीट जागेवर, स्पेअर व्हील जागेवर. वजनाची भानगड नको."

ओरडली असती तर बरं झालं असतं. मी हो म्हटलं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. दुपारी १.

गुढी उभारून सातला निघालो. बाबांनी आधी बैलांना हळद-कुंकू लावलं, मग त्याच ताटातलं गाडीच्या बॉनेटला. टायरखाली लिंबू. सयाजीला द्रोणागिरीला बोलावलं होतं, तो स्कूटरवर जुना डबा मांडीत घेऊन आला. बाबा मागे, खाल्लेल्या कोपऱ्याच्या शेजारी, हातात स्टॉपवॉच, नजर स्पीडोमीटरवर.

मी, इनटेक लावून: ११.२.

सयाजीने दहा मिनिटांत डबा बदलला. मी, जुना डबा: ११.१.

इथे थांबायला हवं होतं. दशांशाचा फरक म्हणजे बरोबरीच. आणि बरोबरी झाली तर गाडी आहे त्याच्याकडे राहते असा माझा मुद्दा होता, चांगला मुद्दा होता. पण बाबांनी घड्याळ शून्यावर आणलं आणि म्हणाले, "सूनबाय, आता तू बस."

मी सांगितलं की हा टेस्टचा भाग नाही. बाबा म्हणाले पंच मी आहे. मी डावीकडे बसलो. त्या सीटवर पहिल्यांदाच बसलो, बेल्ट कुठून ओढायचा ते स्नेहलने दाखवलं. तिने आरसे नीट केले, सीट पुढे घेतली, एकदा रस्ता बघितला. मी सूचना द्यायला सुरुवात केली तोवर गाडी निघाली होती.

१०.३.

वाऱ्याचं बघितलं. वारा नव्हता. पुन्हा करायला लावलं. १०.२.

सयाजी उगाच पाना पुसत राहिला. मग मागून बाबा बोलले, शर्यतीच्या मैदानात बोलतात त्याच आवाजात. "गारीत खोट नाय. हाकनारा बदल." आणि मग, मी विचारलं नसताना, "जनावर जरा पलाया लागला का कासरा सोराचा असतो. तू मदीच खेचतस. गियर टाकतस तवा गारी अजून पलायला बगते."

चाळीस वर्षांत बाबांनी माझ्याशी ड्रायव्हिंगवर पहिल्यांदा चर्चा केली. तो एक चांगला भाग.

घरी येताना स्नेहलनेच चालवली. मी चावी मागितली नाही. पुरणपोळी खाल्ली, चव लागली नाही.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६:१०.

खालून गाडी निघाली. मी अंथरुणातच होतो. आठ वर्षांत ही गाडी बाहेरून कशी ऐकू येते ते कधी कळलं नव्हतं, कारण आत कायम मीच. फर्स्ट. सेकंड. थर्ड. प्रत्येक गियर जिथे पडायला हवा तिथे पडला. कुठेतरी चुकावा म्हणून मी कान देऊन ऐकत होतो, हे लिहून ठेवतो. पाच-दहाची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न वाजवून तासाभरापूर्वीच गेली होती. तिच्यात बसून बायकोने जावं असं मी महिनाभर ठरवत होतो. लाज वाटली. मग पुन्हा झोप लागली.

९:५०. बसमध्ये.

एसी चांगला आहे. पहिली सीट घेतली, ड्रायव्हरच्या बरोबर मागे. कळंबोलीच्या पुलावर त्याने थर्ड गियर फार ताणला. मी प्रेमाने सांगितलं की गियर जरा आधी टाकला की इंजिनाला आराम मिळतो.

त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, तुम्ही काय चालवता?"

मागे जागा होती, तिथे जाऊन बसलो.